सारंगी ह्या कानाला, तबला त्या कानाला

किशनराव गुरुजींचा मुलगा सूर्यभान मस्कतला वायरमन होता. ब्याण्णव सालच्या हिवाळ्यात त्यानं गावाकडे येणाऱ्या सोबत्याबरोबर बोरीला एक खोकं पाठवलं. आत बशीएवढं यंत्र, एक चकाकती तबकडी, कानात घालायच्या दोन गोळ्या आणि चिठ्ठी. 'बाबा, या तबकडीवर सारंगी आणि तबला आकड्यांत लिहून ठेवलेत. जन्मभर गणित शिकवलंत, आता आकडे ऐका.'

गुरुजी हरखले. त्यांच्या बायकोनं, सरजाबाईनं, तबकडी उलटसुलट करून पाहिली. "आकडे बी वाजतेत व्हय?"

यंत्राला आवाजाचा डबा नव्हता. ऐकायचं ते कानातच. मग दोघं ओसरीवरच्या बाजेवर डोक्याला डोकं लावून बसले. एक गोळी त्यांच्या कानात, एक तिच्या. रस्त्यानं जाणारे हसू लागले, त्याचं दोघांना काही वाटलं नाही. भांडण लागलं ते वेगळ्याच कारणावरून.

"काय सारंगी वाजवायलाय!" गुरुजी डोळे मिटून म्हणाले.

"सारंगी कुठली? तबला वाजायलाय की."

"तुला ऐकू कमी यायलंय."

"माझे कान ठणठणीत हायेत. तुमचेच दाखवून घ्या."

तीन दिवस अबोला चालला. चौथ्या दिवशी गुरुजींनी यंत्र पिशवीत घातलं आणि एसटी थांब्याजवळचं मनकर्णाचं दुकान गाठलं. मनकर्णा त्यांची जुनी विद्यार्थिनी. परभणीला आयटीआयमध्ये रेडिओ दुरुस्ती शिकली तेव्हा वर्गात ती एकटीच मुलगी होती. दुकान टाकलं तेव्हा गिऱ्हाईक रेडिओ हातात धरूनच विचारायचं, "मिस्त्री कुठंय?" ती म्हणायची, "समोर बसलाय." दोन-तीन वर्षांत लोकांनी विचारायचं सोडलं.

"जयभीम गुरुजी. काय आणलंत?"

"जयभीम. हे आमच्या घरच्या रेडिओतून वाजंल का बघ. दोघांला मिळून एकच ऐकायचंय, न्हाईतर म्हातारपणी घर मोडतं माझं."

त्यांचा रेडिओ एकसष्ट सालचा, लाकडी, आत काचेचे व्हॉल्व्ह. मनकर्णानं हत्याराची पेटी उचलली आणि त्यांच्याबरोबर निघाली. घरी तिनं रेडिओचं मागचं झाकण काढलं, धूळ फुंकली. ग्रामोफोनची वायर लावायची दोन भोकं तशीच होती, कधी वापरलीच नव्हती. पण तिनं घाई केली नाही. अशा काही रेडिओंच्या पत्र्यात करंट उतरतो. तो परदेशी यंत्रात शिरला असता तर सूर्यभानची भेट जागीच संपली असती. तिनं टेस्टर लावून पाहिलं, प्लग उलटा करून पुन्हा पाहिलं, आणि मगच कानातल्या गोळीची जोडवायर कापली.

"कापली?" गुरुजी दचकले.

"बसा गुरुजी."

तिनं एक वायर रेडिओला जोडली, बटण फिरवलं. व्हॉल्व्ह तापायला वेळ लागतो. तिघंही त्या लाकडी पेटीकडे बघत राहिले. आधी घूं आवाज आला, मग खोलीभर सारंगी पसरली.

"बघ!" गुरुजी ओरडले. "तबला हाय का कुठं?"

सरजाबाईचा चेहरा उतरला. मनकर्णा चमकली. तिनं ती वायर काढून दुसरी लावली. सारंगी गेली आणि तबला धडधडू लागला.

गुरुजींनी वाकून रेडिओला कान लावला.

"तुमी दोघं बी खरं बोलत होतात," मनकर्णा हसत म्हणाली. "सारंगी एका कानाला दिलीय आन तबला दुसऱ्याला. कुनी निम्मं ऐकलं, कुनी निम्मं."

तिनं पेटीतून दोन बारके रेझिस्टन्स काढले, दोन्ही वायरी त्यांतून एकत्र आणून सोल्डर केल्या आणि पुन्हा बटण फिरवलं. या वेळी सारंगीनं वळण घेतलं तसा तबल्यानं तिला बरोबर समेवर गाठलं. जुन्या लाकडातून तो आवाज असा भरदार निघाला, की सरजाबाईनं हातातलं सूप खाली ठेवलं.

"चुकलं माझं," गुरुजी पुटपुटले.

"काय म्हणलाव? ऐकू कमी यायलंय मला."

"चुकलं म्हणलो!"

"हां. आता आलं."

शेजारच्या कुसुमबाई दारात येऊन उभ्या राहिल्या, त्यांच्यामागं आणखी दोघी-तिघी. सरजाबाईनं सतरंजी अंथरली. मनकर्णा हत्यारं पेटीत भरत होती. आजवर तिनं शेकड्यानं रेडिओ बोलते केले होते, पण आवाज आला की तिचं काम संपायचं. पुढचं ऐकायला ती कधी थांबली नव्हती. दुकानाला कुलूप होतं, गिऱ्हाईक ताटकळत असणार. तिनं पेटी भिंतीला लावली आणि सतरंजीच्या कडेला मांडी घालून बसली.