बदकाचं पुढे काय झालं

बाईंनी चिठ्ठी पाठवली होती: मुलीने रोज वीस मिनिटं मोठ्याने वाचावं, घरातल्या मोठ्या माणसाने जवळ बसून ऐकावं आणि सही करावी. लिहायला काय जातं! त्या घरात मोठी माणसं तीन होती. संध्याकाळी जागं राहणारं एकही नव्हतं.

म्हणून पाळ्या लावल्या. एक दिवस आई. ती इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींच्या घड्या घालून यायची. एक दिवस बाबा. ते पावाची गाडी चालवायचे आणि पहाटेच घर सोडायचे. मग आजोबा, ते निवृत्त, पण रिकामं बसण्याचाही शीण येतो, असं त्यांचं म्हणणं.

हिशेब चोख होता. खोट एकच. ज्याची पाळी, तो म्हणायचा, "मागचं मला काय ठाऊक? पहिल्यापासून वाच." मुलीला घरात मुंगी म्हणत; दुसरीत होती, वयाच्या मानाने फारच आज्ञाधारक. ती पहिल्यापासून वाचायची. गोष्टीतलं बदक न्हाव्याच्या दुकानात शिरायचं, न्हावी बाहेरून कुलूप लावून जायचा, आणि तेवढ्यात ऐकणाऱ्याची हनुवटी छातीला टेकायची. बदक आत गेलं हे तिघांनाही पक्कं ठाऊक होतं. बाहेर कसं आलं, याचा घरात कुणालाच पत्ता नव्हता. मुंगीलाही नाही; कुणी ऐकत नसताना वाचलेलं बाई धरतात की नाही, हे चिठ्ठीत लिहिलं नव्हतं.

आणि उद्या पुस्तक परत द्यायचं होतं.

आज पाळी आईची. ती आली आणि चप्पल न काढताच खुर्चीत बसली.

"आण गं. वाच पहिल्यापासून."

"नाही."

"नाही म्हणजे?"

"पहिल्यापासून वाचलं की तू झोपतेस. बाबा झोपतात. आजोबा तर मी पुस्तक उघडायच्या आधीच झोपतात."

"मी डोळे मिटून ऐकतो," आजोबा खाटेवरून म्हणाले.

"घोरत?"

आई हसली, हसायलाही तिला जोर लावावा लागला. "अगं, पण मग मला मागचं कसं कळायचं?"

"मी सांगते ना. बदक आत गेलं, न्हाव्याने कुलूप लावलं. झालं." इतक्या संध्याकाळींचं वाचन तिने एका दमात उरकलं आणि पान उलटलं. ते अजून कोरं करकरीत होतं.

बदकाने साबण चाखला. आरशातल्या बदकाशी भांडण काढलं. मुंगी अडखळत होती, इथले शब्द तिला पाठ नव्हते. आईने "हं" केलं, मग "हं?" केलं, मग काहीच केलं नाही.

मुंगी थांबली. खाटेवरही सामसूम. तिने आईच्या पायांतली चप्पल हळूच काढून दाराशी ठेवली. मग परत येऊन बसली आणि राहिलेल्या ओळीवर बोट ठेवून हलक्या आवाजात वाचू लागली. शेवटच्या पानापर्यंत.

सकाळी सही करता करता आईने विचारलं, "सुटलं का गं ते बदक?"

"सुटलं."

"कसं?"

मुंगीने दप्तरातून पुस्तक परत काढलं आणि आईपुढे धरलं. "बस यायला वेळ आहे. तू वाच, मी ऐकते."

आईने घड्याळाकडे पाहिलं, मग पुस्तकाकडे. "पहिल्यापासून?"

"कुलपापासून," मुंगी म्हणाली.