मुसळ नसलेलं उखळ

मी उखळी तोफ बोलतेय. दचकू नका, आता माझ्या पोटात दारू नाही, धणे आहेत.

‘तोफ’ हा शब्द तुर्की भाषेतून फारसीच्या वाटेनं आला म्हणतात. ‘उखळी’ मात्र अगदी घरचा. बुटकी, जाड, आभाळाकडे आ वासून बसलेली मी. मला पाहून कुणालाही स्वयंपाकघरातलं उखळच आठवेल.

मला घडवणाऱ्या ओताऱ्याची बायको त्याचं जेवण घेऊन भट्टीवर आली, तेव्हा मी नुकतीच थंड झाले होते. मला बघून ती हसली. “हे तर आपलं उखळ. याचं मुसळ कुठंय?”

“ते वर उडेल आणि तटापलीकडे कुणाच्या तरी घरावर पडेल.”

ती जेवण ठेवून निघून गेली.

मग मी तटाआडून पुष्कळ गोळे फेकले. पलीकडे काय झालं ते मला कधी दिसलं नाही. आवाज मात्र यायचे.

लढाया संपल्या. मला या गल्लीच्या तोंडाशी चौथऱ्यावर बसवून सगळे विसरले. पोरं माझ्या तोंडात खडे टाकायची. एकदा समोरच्या मसालेवाल्या आजींचं दगडी उखळ तडकलं. त्यांच्या सुनेनं मला राखेनं, वाळूनं, उकळत्या पाण्यानं घासून लख्ख केलं आणि धणे कांडायला घेतले. बत्ती द्यायच्या छिद्रातून भुकटी भुरभुरू लागली.

“अगं, तुझा दारूगोळा गळतोय,” सासूबाई म्हणाल्या. सुनेनं तिथं लाकडी खुंटी ठोकली. तेव्हापासून रोज कांडण चालू आहे.

गेल्या महिन्यात नगरपालिकेचा कारकून गाडी घेऊन आला. मोडीत निघालेलं लोखंड वितळवायला न्यायचं होतं. माझ्या पोटात गोळाच आला. पुन्हा भट्टी, आणि कोण जाणे, पुन्हा तेच काम.

“आजी, बाजूला व्हा. ही जुनी तोफ न्यायचीय.”

“तोफ आहे? मग उडवून दाखव.”

“आता कशी उडेल?”

“सूनबाई, तू कांडून दाखव गं.”

सुनेनं मुसळ उचललं. कारकून बघत राहिला, दोनदा शिंकला. “मला मोडीतलं न्यायला सांगितलंय. हे तर वापरात आहे,” म्हणाला, आणि धण्याची पुडी घेऊन गेला.

त्या ओतारणीला एवढा निरोप पोचायला हवा होता: बाई, मुसळ सापडलं. ते वर जातं आणि माझ्याच पोटात पडतं. पलीकडे काय होतं तेही आता कळतं. संध्याकाळ झाली की घराघरांतून फोडणीचा वास येतो.