डाव्या बाजूचा पर

ओदेतने सर्फिंगच्या फळीच्या बुडाला माशाच्या परांसारखे बसणारे मागचे दोन्ही पर पाठीला पाठ लावून उजेडाकडे धरले आणि पुन्हा एकदा नीट पाहिलं. डावा पर टोकाशी आखूड होता. फार नाही, नखाच्या पांढऱ्या कडेएवढा. पण पोटाकडूनही तो जरा जास्तच घासला गेला होता.

“बघितलंस?” तेल्मो म्हणाला. “मी आल्याआल्याच पाहिलं. हे घडवणाऱ्या म्हाताऱ्याचे डोळे गेले, ओदेत. परवा कॅफेत त्याने माझ्या बायकोला पाद्रीबाबा समजून नमस्कार केला.”

“तुझी बायको बारा महिने तो काळा कोट घालून फिरते. मीही एकदा केला असता.”

तेल्मो हसला आणि गाडीचं मागचं दार उघडून खोक्यात हात घालून शोधू लागला. एरिसेरा या किनाऱ्यावरच्या गावात त्याचं सर्फिंगच्या सामानाचं दुकान होतं. आज कड्यावर तो मुद्दाम आला होता, कारण ओदेत वर्षभरानंतर पाण्यात उतरणार होती. ती पोरवयापासून या लाटांवर वाढलेली, आणि आता तिची नातवंडं शाळेत जात होती. समुद्राने तिचं कधी काही मोडलं नव्हतं. ते काम शिडीने केलं. घराच्या भिंतीला चुना देताना ती वरून पडली आणि उजव्या पायाचा घोटा असा मोडला की आत धातूची पट्टी घालावी लागली. घोटा जुळला, पण वाकायचं विसरला. आणि फळीवर तिचा उजवाच पाय मागे असायचा, सगळं वळण त्याच्यावर. आज जमलं तर जमलं, नाही तर फळी विकून टाकायची, असं तिने घरी सांगून टाकलं होतं. सांगताना ती नवऱ्याकडे पाठ करून भांडी घासत होती.

“हे घे.” तेल्मोने पुढे केलेल्या जोडीत केसाचाही फरक नव्हता. “साच्यातून निघालेले. समोर म्हाताऱ्याचेच राहू देत, मागे हे लाव.”

ओदेतने हातातली जोडी अंगावरच्या रबरी सूटच्या गळ्यात सरकवली. तिथे ठेवण्यासारखी ती वस्तू नव्हती, टोकं टोचत होती; पण गाडीत टाकून जायला तिचा हात होईना.

ते पर मेश्त्रे अबीलियोंनी केले होते. उस्ताद म्हणावं तसं त्यांना सगळं गाव मेश्त्रे म्हणायचं. पूर्वी ते मासेमारीच्या होड्यांची बुडं दुरुस्त करत. चौदा वर्षांची ओदेत एकदा फळीचा तुटलेला पर घेऊन रडत त्यांच्या दारात आली होती. असली वस्तू त्यांनी तोवर पाहिलीही नव्हती. त्यांनी होडीच्याच काचतंतूंचे थर एकावर एक चिकटवले, घासले, आणि दुसऱ्या दिवशी तिला नवा पर दिला. तो त्यांचा पहिला. आता फ्रान्समधूनही लोक त्यांचे पर मागवत.

या वेळी ती गेली तेव्हा त्यांनी घोट्याकडे पाहिलंही नव्हतं. “चाल जरा, पोरी,” ते म्हणाले होते, आणि ती कार्यशाळेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली होती. भर दुपारी टेबलावरचा दिवा जळत होता.

“तीन परांची फळी आता तुझ्या कामाची नाही,” त्यांनी सांगितलं. “ती मागच्या पायाला सारखी राबवते. चारांची कर. चार असले की फळी आपली आपण पळते, तू फक्त वळवायचं. पुढचे दोन मोठे घालू, म्हणजे पाणी धरून ठेवतील. मागचे लहान, म्हणजे सोडतील. फार मोठे घातलेस तर ती रुळावरच्या गाडीसारखी सरळ जाईल, फार लहान घातलेस तर बर्फावर निघाल्यासारखी घसरेल. मधलं माप मी काढतो.”

जोड करताना ते दोन्ही पर पाठीला पाठ लावून खिडकीशी धरत. एक दुसऱ्यामागे पूर्ण लपला पाहिजे, हा त्यांचा हट्ट. ज्या दिवशी माझा जोड चुकेल त्या दिवशी मी दार लावीन, असं ते अभिमानाने सांगत. सेतुबालला राहणारी त्यांची मुलगी तर दार लावायची वाटच पाहत होती.

म्हणून ओदेत त्यांना काही बोलणार नव्हती. तिने बारीक किल्लीने तेल्मोचे पर मागे घट्ट बसवले आणि फळी काखेत मारून लंगडत खाली उतरली.

लाट चांगली होती. खडकाच्या टोकाला उठायची आणि उजवीकडे लांबवर उलगडत फुटत जायची. टोकाशी बसलेल्या पोरांनी ओदेतला पाहिलं आणि नेहमीची रांग विसरून एकाने आदराने हाक दिली, “ही लाट तुमची, दोना ओदेत! जा!”

ती गेली. उभीही राहिली, आणि त्याचंच तिला आधी आश्चर्य वाटलं. फळी मेश्त्रे म्हणाले होते तशी आपली आपण पळाली. पण लाटेच्या पुढे निघून गेल्यावर फेसाकडे परत वळायचं तर उजवी टाच दाबायला हवी होती, आणि टाच दाबायची तर घोटा वाकायला हवा होता. फळीची टाचांकडची डावी कड पाण्यात रुतली ती रुतलीच. ओदेत तोंडावर आपटली. दुसऱ्या लाटेवर तेच झालं. तिसऱ्या लाटेनंतर ती पोहत किनाऱ्याला आली आणि गोट्यांवर बसली. कड्यावरून तेल्मो हातवारे करून काहीतरी सांगत होता. तिने तिकडे पाहिलं नाही.

उद्या सकाळी कॅफेत मेश्त्रे विचारणार, कसे चालले? त्यांच्याशी ती आजवर खोटं बोलली नव्हती. चांगले चालले म्हणायचं तर निदान एक लाट त्यांच्या परांवर घ्यायला हवी होती. मग फळी विकली तरी हरकत नाही. तिने गळ्यातून टोचणारी जोडी काढली, बाहीत खोचलेली किल्ली काढली आणि गारठलेल्या बोटांनी मागचे पर बदलले. तेल्मोचे बाहीत गेले.

ती लाट काही फार मोठी नव्हती. ओदेत उठली, पळाली, आणि वळायची वेळ आली तेव्हा पडायच्या तयारीने तिने अंग आखडून घेतलं. टाच जेमतेम टेकली होती. डावी कड या वेळी रुतली नाही; फळीने हळूच अंग सोडलं आणि ती फेसाकडे वळली. ओदेत वळली! मग पुन्हा वर, पुन्हा खाली, थेट गोट्यांपर्यंत. उथळ पाण्यात ती फळीवरून उतरली तेव्हा ती मोठमोठ्याने हसत होती आणि रडतही होती. टाचेकडचा पर. तोच आखूड होता. तोच तेवढा सोडत होता.

“मेश्त्रे,” ती पाण्यालाच म्हणाली, “काय माणूस आहात हो तुम्ही!”

तेल्मोला त्याचे पर परत करायलाही ती जेमतेम थांबली. ओल्या केसांनी, सूट कमरेपर्यंत उतरवून वर जुना स्वेटर चढवलेला, अशी ती बंदराजवळच्या गल्लीत शिरली. वाटेत बेकरीतून तिने मक्याची गरम पावरोटी घेतली. मागच्या परांची जोडी तिच्या मुठीत होती.

मेश्त्रे टेबलाशी वाकून काम करत होते. दारातून ऊन आत आलं होतं आणि तरी दिवा जळतच होता.

“तुम्ही मला सांगितलं का नाहीत?” ओदेतने रोटी त्यांच्यापुढे ठेवली.

“काय सांगायचं होतं?”

“डाव्या पराचं! मी वेडी, आधी तेल्मोचे लावले. तीनदा तोंडावर आपटले. आणि तुम्ही नुसती माझी चाल ऐकून ओळखलंत, हिची टाच दाबली जाणार नाही म्हणून. टाचेकडचा पर तेवढा कमी केलात. मेश्त्रे, मी आज घरी जाऊन फळी विकणार होते. तुमचे उपकार मी कसे फेडू?”

मेश्त्रेंनी हात पुसले. तिच्या मुठीतून पर घेतले, पाठीला पाठ लावले आणि खिडकीशी धरून बराच वेळ पाहिले. मग दिव्याखाली धरून पाहिले.

“दोन्ही सारखे आहेत, पोरी,” ते म्हणाले.

ओदेतचं हसू चेहऱ्यावरच राहिलं. बाहेर कोणीतरी जाळी ओढत नेत होतं, त्याचा आवाज गल्लीभर झाला.

“हो,” ती घाईने म्हणाली. “सारखेच की. मलाच वाटलं असेल, पहिलाच दिवस…”

पण मेश्त्रेंनी तिच्या आवाजातली घाई ओळखली होती. त्यांनी पर खिडकीतून खाली घेतले आणि जोडलेल्या टोकांवरून अंगठा फिरवला. अंगठा थांबला. मागे गेला, पुन्हा आला आणि पुन्हा तिथेच थांबला. मग ते स्टुलावर बसले.

“हे मी केलेलं नाही,” ते म्हणाले. “म्हणजे, मुद्दाम नाही केलं.”

“कळलं मला.”

“तेल्मोने पाहिलं?”

“त्यानेच आधी पाहिलं.”

मेश्त्रेंनी मान हलवली. त्यांचा हात छातीवरच्या कामाच्या कापडाच्या गाठीकडे गेला आणि ती सोडू लागला. ओदेतने ते पाहिलं. या हातांनी दिलेल्या पहिल्या पराने तिचं अख्खं आयुष्य समुद्राला लागलं होतं, आणि आज त्यांनी ते तिला परत दिलं होतं. मुद्दाम की चुकून, याने तिच्या लेखी काडीचा फरक पडत नव्हता.

“आणि मी काय करायचं?” ती म्हणाली. “हा उद्या खडकावर आपटून तुटला तर? तेल्मोकडे सगळे सारखेच मिळतात. मला असाच आणखी एक जोड हवाय.”

“असाच?” मेश्त्रे थोडे चिडूनच हसले. “किती चुकलोय ते मला दिसतही नाही, पोरी. पुन्हा तेवढंच कसं चुकू?”

“दिसत नाही, पण अंगठ्याला कळलं की.”

मेश्त्रेंचा गाठीवरचा हात खाली आला. त्यांनी आखूड पर एकटाच हातात घेतला, त्याच्या कडेवरून अंगठा सावकाश वरून खाली नेला, मग पोटावरून, मग पुन्हा टोकाशी आणला. मागच्या फळकुटावर हात फिरवून त्यांनी एक कच्चा, न घासलेला पर उचलला.

“चाल जरा,” ते म्हणाले.

ओदेत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली आणि परत आली. मेश्त्रे डोळे मिटून ऐकत होते. ती थांबल्यावर त्यांनी कानस शोधली, हात लांब करून टेबलावरचा दिवा बंद केला आणि ते घासायला लागले.