सदऱ्याचा तुकडा

नेल्डाने बंदुकीचा दस्ता खांद्यात रोवला, श्वास धरला आणि बार उडवला. चाळीस यार्डांवर कुंपणाला ठोकलेला कागद थरथरला. त्यावर काढलेली टर्की पक्ष्याची मान आणि डोकं जसंच्या तसं शाबूत होतं. छऱ्यांचा सगळा घोळका वीतभर उजवीकडे जाऊन बसला होता.

"परत उजवीकडे," तिचा थोरला भाऊ व्हर्लिन म्हणाला. "चौथं काडतूस. फुकट येत नाहीत, नेल."

"मग बंदुकीवरचं हे भिंग बदल. म्हणे लाल ठिपका! चिरडलेल्या टोमॅटोसारखा दिसतोय."

"हे बदलूनच आणलंय. दुकानात डेल्बर्टनं दुसरा नग दिला."

"मग त्यानं दुसराही खराब दिला."

व्हर्लिनने बंदूक घेतली. त्याची मान वळत नाही, वाकत नाही. लाकडाच्या गिरणीत ओंडका अंगावर आला तेव्हापासून आत लोखंडी पट्टी आहे. तो ताठच उभा राहिला, बंदूकच डोळ्यापर्यंत वर उचलली आणि बार काढला. कागदावरच्या डोक्याची चाळण झाली.

"खराब आहे का?" त्याने विचारलं.

नेल्डाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिला उलट बोलता आलं असतं तरी ठीक होतं, पण चाळण झालेला कागद समोर होता.

वडिलांनी मागे एकच बंदूक ठेवली होती आणि भावंडं दोन. म्हणून शिकारीच्या मोसमात एक दिवस त्याचा, एक दिवस तिचा. मोसम उघडतो त्या सोमवारचा मान आळीपाळीने, आणि यंदा तो नेल्डाचा. वडिलांच्या काळी नळीच्या टोकावरचा पितळी मणी पुरायचा. हल्लीची काडतुसं छरे मुठीत धरल्यासारखे एकत्र नेतात. नेम जरा हुकला की सगळंच हुकलं. डेल्बर्टने आपल्या दुकानातून नेम धरायच्या दोन वस्तू आणून दिल्या होत्या, लाल ठिपक्याचं भिंग आणि प्रिझमचं. आज, शनिवारी, पाचच्या आत एक परत करायची, दुसरी ठेवायची.

प्रिझमच्या काचेवर खूण कोरलेलीच होती. नेल्डाला ती कोऱ्या नोटेसारखी स्वच्छ दिसली. पण त्यात डोळा बरोबर मागे आणि बरोबर अंतरावर लागतो, नाहीतर आत काळोख. व्हर्लिनने ताठ मानेने अर्धा तास झटापट केली, शिव्या दिल्या आणि ते नेल्डाच्या गाडीच्या बाकावर आपटलं.

"गेल्या वर्षीही हेच झालं," नेल्डा म्हणाली. "तू भिंगाचे स्क्रू फिरवलेस."

"मी हात लावला नव्हता."

"मग मी चुकले का?"

त्या घरात ज्याचा नेम चुकतो त्याच्या सदऱ्याचा तुकडा कापून कोठाराच्या दाराला ठोकतात. गेल्या वर्षी टेकडीवर तीस यार्डांवरून नेल्डाने टर्कीचा मोठा नर घालवला, आणि दोन दिवस हाच वाद घातला. शेवटी कंटाळून व्हर्लिननेच सदरा पँटीतून ओढून पुढे केला होता. निळ्या चौकडीचा तो तुकडा अजून दारावर होता, आणि त्याखाली नेल्डाच्याच अक्षरात लिहिलेलं: व्हर्लिन, स्क्रू.

"तुझं तू बघ," तो म्हणाला, आणि स्वतःची गाडी काढून निघून गेला.

नेल्डाने खिशातून नाणं काढलं. नाण्याच्या कडेने भिंगाच्या बाजूचा, नेम सरकवणारा स्क्रू डावीकडे फिरवला. टिक, टिक, मोजून वीस वेळा. त्याला जमतं ना, मग आता मलाही जमेल. काडतुसं संपत आली होती, म्हणून बार काढला नाही.

मग तिला वाटलं, डेल्बर्टला पुरावाच दाखवू. बंदूक वाळूच्या पिशवीवर ठेवून तिने भिंगामागे फोन धरला आणि फोटो काढला.

फोटोत ठिपका गोल होता. मोहरीच्या दाण्यासारखा.

तिने डोळ्याने पाहिलं: चिरडलेला टोमॅटो. मान तिरकी केली, तर टोमॅटोही तिच्याबरोबर तिरका झाला. परत फोटो पाहिला. मोहरी.

बावीस वर्षं तिने खेड्यापाड्यांत टपाल वाटलं होतं, एकही पत्र चुकीच्या डब्यात टाकलं नव्हतं. ती कुंपणाशी बसून राहिली. तिला स्वतःचा इतका राग आला की रडूही येईना.

दुकानात पोचायला साडेचार झाले. डेल्बर्टने फोटो पाहिला आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचा आकार थोडा बिघडला की असं होतं. चष्मा कर, ठिपका गोल होईल. दहा दिवस लागतील."

"सोमवारी मोसम उघडतोय."

"मग प्रिझम ने. तुझा पहिला दिवस आहे ना?"

नेल्डाने काउंटरवर प्रिझम ठेवलं. "हे परत घे. बंदुकीवर एकच बसतं, आणि व्हर्लिनची मान कुठल्या चष्म्याने वाकणार नाही."

रात्री तिने व्हर्लिनला फोन केला. "लाल ठिपकाच ठेवलाय. आणि सोमवारी तूच मार. मी मादीची हाक घालीन."

"तुला बरं नाही का?"

"बरी आहे. पाचला ये."

सोमवारी उजाडताना दोघं एकाच ओक झाडाला पाठ टेकून बसली. नेल्डाने पाटीवर काडी घासून मादीचा आवाज काढला. टेकडीवरून उत्तर आलं. पाव तासाने नर झुडपांतून बाहेर आला, शेपूट पसरून, डोकं लालनिळं. पस्तीस यार्डांवर थांबला आणि त्याने मान वर केली.

व्हर्लिनने बार काढला.

नर उडाला. त्याच्या डावीकडे वीतभर अंतरावर डॉगवुड झाडाची फुलांनी भरलेली फांदी तुटून लोंबकळली.

नेल्डा त्या फांदीकडे पाहत राहिली. वीस वेळा टिक. फोटो पाहिला, दुकान गाठलं, आणि स्क्रू परत फिरवायचा राहिला तो राहिलाच.

व्हर्लिनने बंदूक मांडीवर ठेवली. स्क्रूकडे त्याने पाहिलंही नाही. सवयीने सदऱ्याचं टोक पँटीतून ओढलं आणि खिशातला चाकू उघडून तिच्याकडे केला.

"घे. चुकलो."

नेल्डाने चाकू घेतला नाही. तिने स्वतःचा सदरा ओढून बाहेर काढला आणि टोक त्याच्यासमोर ताणून धरलं.

"शनिवारी स्क्रू मी फिरवला. ठिपका चांगला आहे, माझा डोळा वाईट आहे."

व्हर्लिनने चाकू लावला आणि चार बोटं रुंद तुकडा कापला.

तो चाकू मिटायला लागला, पण तिने सदरा सोडला नव्हता.

"अजून एक काप," ती म्हणाली. "गेल्या वर्षीचा निळ्या चौकडीचा खाली उतरवायचाय."