अर्थांची रांग

दोघा भावांचं बोलणं बंद झालं ते घराच्या वाटणीवरून नाही, आईच्या दागिन्यांवरूनही नाही. ते झालं ‘नाइस’ या इंग्रजी शब्दावरून. हा शब्द कधीकाळी ‘मूर्ख’ या अर्थाने वापरत. मग तो ‘चोखंदळ’ झाला, पुढे ‘काटेकोर’, आणि फिरत फिरत ‘छान’वर येऊन टेकला. इथवर दोघांचंही एकमत. भांडण पुढचं होतं. दोघं मिळून इंग्रजी-मराठी कोश करत होते, त्यात आधी कुठला अर्थ छापायचा? थोरला म्हणे, शब्द जिथे जन्मला तिथून सुरुवात. धाकटा म्हणे, वाचकाला आजचं पत्र वाचायचंय, शब्दाची वंशावळ कुणाला हवीय?

थोरल्याची बायको हिशेबाला पक्की. या अबोल्यात फायदा कुणाचा, हे तिने केव्हाच ताडलं होतं: दोघांचाही. थोरल्याला पडतं घ्यावं लागत नव्हतं, धाकट्यावर उलट बोलल्याचा ठपका येत नव्हता. तोट्यात ती एकटी. पुढच्या खोलीतून मागच्या खोलीत निरोप पोचवता पोचवता तिचं टपालखातं झालं होतं.

“वहिनी, दादाला सांगा, ‘मीट’मध्ये ‘मांस’ खाली ढकलून त्याने ‘कोणतंही अन्न’ परत वर चढवलंय.”

“ते दारापलीकडेच बसलेत, भाऊजी. कान शाबूत आहेत त्यांचे.”

“तरी तुम्ही सांगा.”

“अगं, त्याला म्हणावं,” पलीकडून आवाज आला, “पूर्वी तोच अर्थ होता.”

अशा कारभारात अर्धा कोश जुन्या अर्थापासून सुरू होत होता, अर्धा नव्यापासून. छापखानेवाल्याने बाड चाळलं आणि कपाळाला हात लावला. “हा एक कोश आहे की दोन? महिनाअखेरपर्यंत सगळ्या पानांवर एकच रांग लावून द्या. नाहीतर बाड परत घेऊन जा. तुमच्या रुसव्यापायी माझं यंत्र अडकून पडायचं नाही.”

दोघांचेही चेहरे पडले. उभी हयात या कागदांत गेली होती. पण माघार कोण घेणार? दोघंही आपापल्या खोलीत ‘तो आधी’ म्हणून बसले.

त्यातच थोरल्याच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. डोळ्यांवर पट्टी, वाचन बंद. आणि कोशाची शेवटची तपासणी तर जोडीनेच व्हायची: एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने ऐकून चूक पकडायची. अबोला धरल्यापासून दोघांचीही जोडीदार तीच होती.

“माझा घसा बसलाय,” तिने खणखणीत आवाजात जाहीर केलं. “भाऊजी, तुम्ही वाचा.” आणि तिने त्याच्या हातात मुद्दाम थोरल्याने लिहिलेली पानं ठेवली.

धाकटा खुर्ची घेऊन पुढच्या खोलीत दादाकडे आला, ती भिंतीकडे तोंड करून मांडली आणि भिंतीलाच वाचून दाखवू लागला. “सिली. एक: सुखी, धन्य. दोन: निष्पाप. तीन: बिचारा. चार: खुळा.” आवाजात आधी नुसता वैताग होता. दोन-चार शब्दांनंतर तो वैताग कुठेतरी पातळ झाला. धन्य माणूस बघता बघता खुळा ठरतो, ही मजा त्याने इतकी वर्षं नुसती खोडली होती, ऐकली नव्हती.

“क्लू. एक: दोऱ्याचा गुंडा. दोन: भुलभुलैयातून वाट काढायला धरून ठेवलेला दोरा. तीन...”

“अरे, आज काय म्हणतात ते आधी सांग की!” थोरला ओरडला. “किती वेळ ताटकळायचं?”

स्वयंपाकघरात तिचा हात कपबशीवरच थांबला. निरोप तिच्यामार्फत गेला नव्हता.

नोंद थोरल्याचीच होती. पण पान समोर असलं की नजर शेवटच्या ओळीवर आधीच जाऊन यायची. कानाला तशी सोय नव्हती.

“मध्ये तोडू नकोस, दादा,” धाकटा म्हणाला. “आत्ता कुठे गंमत यायला लागलीय.”

“म्हणजे तू जुना आधी म्हणतोस?”

“आणि तू आजचा?”

दोघांनाही एकदमच कळलं की आपण दुसऱ्याच्या बाकावर येऊन बसलोय. मग जे जुंपलं! चहा निवला, परत गरम झाला, परत निवला. तिने एकदाही मध्ये तोंड घातलं नाही.

अखेर थोरला म्हणाला, “खालून वर वाच बघू.”

“इशारा, धागादोरा. त्याआधी: वाट दाखवणारा दोरा. त्याच्याही आधी: दोऱ्याचा गुंडा.”

थोरला पट्टीखालून हसला. “हेच ठेव. आजच्या दारातून आत शिरायचं आणि थेट परसापर्यंत जायचं.”

“पण मग जुना अर्थ शेवटी गेला, दादा. हरलास तू.”

“शेवटी कसला? मुक्कामाला गेला. हरलास तू.”

तिने मनातल्या मनात बेरीज केली. दोघंही जिंकले होते. म्हणजे हा सौदा टिकणार.

बाड महिनाअखेरीच्या आत छापखान्यात पोचलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या खोलीतून सवयीने हाक आली, “वहिनी, दादाला सांगा...”

“घसा बसलाय!” ती म्हणाली.

मग धाकटा स्वतःच पुढच्या खोलीत आला. त्याची खुर्ची त्या वाचनापासून तिथेच होती. त्याने ती भिंतीकडून वळवली आणि दादासमोर ठेवली.