बारावरचं बटण

पौडच्या दुरुस्तीवाल्या किशोरने जळालेला अ‍ॅडॅप्टर नाकाशी नेला. "सर, पार कोळसा झालाय ह्याचा. लाइट गेली, परत आली ती दणक्यात आली आसंल."

"हो, मंगळवारी."

"किती व्होल्टचा व्हता?"

अ‍ॅडॅप्टरवरची अक्षरं पुसली होती. मी तानपुऱ्याच्या तळाशी लिहिलेलं सगळं कागदावर उतरवून आणलं होतं, कंपनीच्या पत्त्यासकट. किशोर हसला. "पत्ता कशाला लिवलाय? लगीन ठरवायचंय का? बारा व्होल्ट, एवढंच लागतंय."

इलेक्ट्रॉनिक तानपुरा सुलक्षणाचा, माझ्या पत्नीचा. कोळवणच्या आमच्या घरी ती मुलींना गाणं शिकवायची. माघात ती गेली. जाण्यापूर्वी म्हणाली होती, "तानपुरा जुईलीला द्या." जुईली तिची विद्यार्थिनी, चांदे गावाहून यायची. रविवारी पुण्यात तिची परीक्षा होती आणि शनिवारी ती तानपुरा न्यायला येणार होती.

चार महिने मी तो रोज सकाळी सहाला लावत होतो. मला सुरातलं काही कळत नाही. चहा होईपर्यंत तो वाजायचा, मग मी बंद करायचो. मला रडू आलं नव्हतं. याचा अर्थ काय, तेही मी शोधलं नव्हतं. अ‍ॅडॅप्टर जळाला तेव्हा मात्र, आता शनिवारी तानपुरा द्यावा लागणार नाही, एवढं चटकन डोक्यात आलं. पण जुईलीचा फोन आला. "काका, नवा अ‍ॅडॅप्टर पौडला मिळेल की." मला नाही म्हणता आलं नाही.

किशोरने सगळ्यावर चालणारा एक अ‍ॅडॅप्टर काढला. त्याच्या पाठीवर तीनपासून बारापर्यंत आकडे आणि सरकतं बटण होतं.

"हे बारावर ठिवलंय. हात लावू नका. आन् हे दुसरं प्लस-मायनसचं, ते उलटं झालं तर तुमचं यंत्र गेलंच म्हणून समजा. यंत्राबरोबरच्या पुस्तकात न्हाई का वाचलं?"

"नाही वाचलं."

"मग आता ऐकलं ना? झालं तर."

शनिवारी सकाळी मी अ‍ॅडॅप्टर हातात घेऊन बराच वेळ बसलो. प्लस-मायनसला हात लावण्याची छाती झाली नाही. आकड्यांचं बटण मी नखाने सरकवलं. बारावरून सहावर. मला यंत्रातलं कळत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी विचारलंच नसतं.

जुईली अकराला आली. फोटोला नमस्कार केला, मांडी घालून बसली, पिन लावली. दिवा मिणमिणला. आवाज आला नाही.

"बिघडला असेल," मी म्हणालो.

तिने वह्यांची पिशवी बाजूला सारली. मग अ‍ॅडॅप्टर उचलून तिने उलटा केला.

"अहो काका, हे सहावर आहे!"

तिने बटण सरकवलं आणि खोलीभर तानपुरा वाजू लागला. तिने डोळे मिटून सुराची चावी किंचित फिरवली, मग हसली. "किती घाबरले मी!"

"माझ्या लक्षात नाही आलं."

"होतं हो असं. माझे बाबा तर रिमोटसुद्धा उलटा धरतात."

तिने एवढ्या सहज विश्वास ठेवला की खरं सांगण्याची वेळ निघून गेली. ती तानपुरा ओढणीत गुंडाळू लागली.

"सोमवारी परत आणून देऊ? तुम्हाला सवय झाली असेल ना."

मला हेच हवं होतं. हो म्हणायला तोंड उघडलं.

"नको. तुझाच आहे तो. तिने तुलाच दिलाय," मी म्हणालो.

हे सुलक्षणासाठी म्हणालो की सकाळच्या त्या लबाडीची लाज वाटून, मला सांगता येणार नाही. जुईली वाकून पाया पडली. मी आशीर्वाद पुटपुटलो आणि रस्त्यापर्यंत तिची वह्यांची पिशवी धरून गेलो. जीप भरलेली होती. तानपुरा मांडीवर घेऊन ती कडेला कशीबशी बसली. पिशवी मी खिडकीतून आत दिली.