पाठमोरं बोलणं

राघवने खिडक्या लावल्या, कूलर बंद केला आणि छोटा माइक मधुमतीबाईंच्या तोंडासमोर सरकवला.

"आता बोल, आई."

"काय बोलू?"

"काहीही. मतलब, नेहमीसारखं."

मधुमतीबाईंनी पदराने कपाळ टिपलं. सकाळपासून लेक कॉम्प्युटरला चिकटला होता. आवाज रेकॉर्ड करायचं पहिलं सॉफ्टवेअर आधी खातं उघडा म्हणाल्यावर त्याने काढून टाकलं. दुसऱ्यात बटणांची नुसती गर्दी. तिसरं साधं होतं: एक लाल बटण आणि बोललं की पडद्यावर उमटणारी हिरवी लाट.

"हे बरंय. लाट मोठी दिसते," तो म्हणाला.

"अरे, पण ऐकू कशात चांगलं येतं?"

तो पडद्याकडे बघत माइकची वायर सरळ करत राहिला.

मधुमतीबाईंच्या मनात पाल चुकचुकली. आदर्श नगरचं हे घर विकून लहान फ्लॅट घेऊ, असं राघव महिनाभर सुचवत होता. नवऱ्याने विमा कंपनीची नोकरी संपता संपता हौसेने बांधलेलं घर. त्यांनी प्रत्येक वेळी विषय उडवून लावला होता. मितालीने, त्यांच्या मुलीने, नाशिकहून बजावलं होतं, "दादाने सही मागितली तर आधी मला फोन कर." सहीचं ठीक आहे. पण हल्ली आवाजही कापून कुठेही जोडता येतो म्हणे.

म्हणून त्या कैरीच्या लोणच्याबद्दल बोलल्या. मीठ किती, मोहरी कशी फेसायची. मधेच राघवने विचारलं, "बस झालं?" तर त्यांनी 'हो' तोंडातून निघू दिला नाही, नुसती मान हलवली.

"आता तिकडे दाराशी उभी राहा," तो म्हणाला. "मी पाठ करून बसतो. तिथून बोल."

"हे कशासाठी?"

"सांगतो नंतर."

त्याने लाल बटण दाबलं आणि पडद्याकडे तोंड केलं. मधुमतीबाई दाराशी गेल्या. एवढं लांबून काय बोलून घ्यायचंय याला? मनातली सगळी चीड वर आली.

"हे घर मी विकणार नाही," त्या म्हणाल्या. "कुणाच्या नावावरही करणार नाही. बापाच्या माघारी आईला फसवायला निघालास, राघव?"

त्याची पाठ हलली नाही. लाट पडद्यावर उसळली, ओसरली. त्याने खुर्ची पुढे ओढली आणि त्या हिरव्या शिखरांवरून बोट फिरवलं, एकदा, मग पुन्हा.

मग तो वळला. चेहरा पांढरा पडला होता.

"तू बोलत होतीस," तो म्हणाला. विचारत नव्हता. "ऑफिसच्या कॉलवर सगळे पुटपुटतात असं वाटायचं. म्हटलं, बघू तरी. ते हळू बोलतात की मलाच..."

मधुमतीबाई जागच्या जागी उभ्या राहिल्या. त्याला हाक मारावी आणि त्याने मुद्दाम दुर्लक्ष करावं, असं गेल्या काही महिन्यांत कितीदा तरी झालं होतं. त्या कितीदा तरी फुगून आपल्या खोलीत गेल्या होत्या.

"नोकरी राहील न राहील," तो म्हणाला. "म्हणून घराचं बोलत होतो." त्याने डोळे पुसले नाहीत, फक्त चष्मा काढून परत लावला. "काय म्हणालीस तू? थांब, मोठ्याने लावून ऐकतो."

त्याचा हात माऊसकडे गेला. मधुमतीबाई लगबगीने त्याच्यासमोर आल्या आणि त्यांनी तो हात आपल्या हातात धरला.

"ते राहू दे," त्याच्या तोंडाकडे बघत, एकेक शब्द सुटा करत त्या म्हणाल्या. "आधी मला सांग, कोणत्या कानाने ऐकू येतं?"